एकाच लग्नात तीन कॅमेरे, रंग जुळवायचे कसे? (नाशिककर व्हिडिओवाले आणि इतरांनीही लिहा)

पंचवटीकर

नमस्कार मंडळी, लग्नसराई तोंडावर आलीय आणि त्याआधी हा विषय एकदाचा मार्गी लावायचाय म्हणून धागा काढतोय. आमची टीम छोटी आहे, नाशिक आणि आसपास लग्नं, नाट्यगृहातले कार्यक्रम, गोदाघाटावरचे उत्सव असं काम असतं. कॅमेरे तीन जातीचे. मेन ट्रायपॉडवर सोनी एफएक्स ६, गिंबलवर (हातात धरायचा, हादरे घालवणारा स्टँड) पॅनासॉनिक एस ५ मार्क २, आणि स्टेजच्या बाजूला एक जुना खांद्यावरचा कॅमकॉर्डर. तो पाव इंची सेन्सरचा आहे, ८ बिट आहे, पण अख्खा विधी न थांबता घेतो आणि घरच्या लोकांना नंतर तेच फुटेज सगळ्यात जास्त लागतं, त्यामुळे तो काढून टाका हा सल्ला कृपया देऊ नका.

अडचण अशी की संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर संध्याकाळचं लग्न असलं की तिन्ही कॅमेरे स्विचरला (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडणारं यंत्र) जातात, तिथून एलईडी वॉलवर आणि लाइव्हला, आणि कट मारला की नवरीच बदलल्यासारखी वाटते. येवल्याची जांभळी पैठणी एफएक्सवर जांभळी दिसते, गिंबलवर निळसर आणि कॅमकॉर्डरवर सरळ राणी कलर. चेहरा एकात गुलाबी, दुसऱ्यात हिरवट पिवळा. हळदीच्या दिवशी तर एकात लिंबू आणि दुसऱ्यात केशरी. तिन्हीवर व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विन टाकलेला असतो, एक्सपोजर डोळ्याने सारखं करतो, एडिटला नेटवर मिळणारे लट (रंग बदलणाऱ्या तयार फाइल) टाकतो. तरी जुळत नाही.

पुढे रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या रहाडी (रंगाच्या पाण्याने भरायचे जमिनीतले हौद) शूट करायच्यात. तिवंध्याची पिवळी, शनिचौकाची गुलाबी, प्रत्येक रहाडीचा रंग पेशवेकाळापासून ठरलेला. तिथे रंग चुकला तर शूटला अर्थच नाही. ज्यांनी खरंच वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालवलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा.

सातपूरचा

सगळे एकाच कंपनीचे घ्या भाऊ, विषय संपला.

पंचवटीकर

@सातपूरचा, सध्या तेवढे पैसे मोकळे नाहीत. आणि सीझनला भाड्याने जो कॅमेरा मिळेल तो घ्यावाच लागतो, तेव्हा कंपनी कोण निवडतंय.

वेव्हफॉर्म

एकाच कंपनीचे घेऊनही प्रश्न सुटत नाही. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे घ्या, एकाला एका कंपनीची लेन्स लावा आणि दुसऱ्याला दुसऱ्या, फरक लगेच दिसेल, कारण कोटिंगचा रंग प्रत्येकाचा वेगळा. मी बरीच वर्षं ओबी व्हॅनमध्ये (थेट प्रक्षेपणाची गाडी) व्हिडिओ इंजिनिअर होतो, क्रिकेट, कुस्ती, सभा, सगळं केलंय. तिथे दहा-बारा कॅमेरे एकाच मेकचे असतात आणि तरीसुद्धा मॅचच्या आधी प्रत्येक कॅमेरा चार्टवर लावून रंगवावा लागतो, त्यासाठी प्रत्येकाचं रिमोट पॅनल व्हॅनमध्ये असतं आणि एक माणूस दिवसभर फक्त तेवढंच करत बसतो. तुमच्याकडे पॅनल नाही, पण पद्धत तीच वापरता येते.

पहिली गोष्ट, ५६०० हा आकडा विसरा. तो आकडा म्हणजे प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशोबाने ठरवलेली जागा. शिवाय केल्विन फक्त निळं-नारिंगी सांगतो, हिरवं-गुलाबी सांगत नाही, आणि तुमचा चेहऱ्याचा हिरवटपणा त्या दुसऱ्या दिशेचा आहे. म्हणून एकच ग्रे कार्ड घ्या, एकाच लाइटमध्ये धरा, आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी त्याच कार्डवर मॅन्युअल व्हाइट मारायचा. आकडे तिन्हीवर वेगळे येतील, येऊ द्या.

कार्ड कुठे धरायचं तेही सांगतो कारण इथेच सगळे घाई करतात. पाहुणे यायच्या आधी स्टेजवर जा, नवरी जिथे उभी राहणार तिथे एक माणूस उभा करा, कार्ड त्याच्या हनुवटीखाली, छातीशी नाही, आणि मेन लाइटकडे किंचित वळवून पण चकाकी न येता. मागची एलईडी वॉल चालू असेल तर बंद करायला लावा, नाहीतर तिचा निळा प्रकाश कार्डावर पडतो. प्रत्येक कॅमेरा त्याच्या नेहमीच्या जागेवरून झूम करून कार्डाने फ्रेम भरेल असा. गिंबलवाल्याने जवळ यायचं पण स्वतःची सावली पाडायची नाही.

दुसरी गोष्ट, सगळं ऑटो बंद. ऑटो व्हाइट, ऑटो आयरिस (लेन्सचं उघडणं-मिटणं), ऑटो गेन, ऑटो नी (झगझगीत भाग आपोआप दाबणारी सेटिंग), मिररलेसमध्ये सावल्या आपोआप उचलणारे जे पर्याय असतात ते सुद्धा. एक जरी ऑटो राहिला तर तुम्ही जुळवलेलं दहा मिनिटांत सुटतं.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. कमजोर कॅमेऱ्याला मास्टर करा. तुम्ही आत्ता एफएक्स ६ ला मास्टर मानून कॅमकॉर्डरला त्याच्यासारखा करायला बघताय. तो होणार नाही, त्याच्याकडे तेवढी रेंजच नाही, मेन्यूत फिरवायला जागाही थोडी. पेटीचे सूर हलवता येत नाहीत म्हणून तबला-तानपुरा पेटीला धरून लावतात, तसं करा. कॅमकॉर्डर त्याच्या साध्या सेटिंगवर नीट उभा करा आणि मग उरलेले दोन त्याच्याकडे आणा. त्या दोघांत फिरवायला भरपूर आहे.

क्रम मोडायचा नाही. आधी काळं, मग पांढरं, मग मधला राखाडी, आणि शेवटी रंग. काळ्याची पातळी एकाची वर आणि एकाची खाली असेल तर तुम्ही सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कितीही फिरवा, चित्र जुळल्यासारखं वाटत नाही, आणि लोक तिथे रंग फिरवत बसतात.

देवळालीकर

@वेव्हफॉर्म सर, सुंदर प्रतिसाद. एक शंका, ग्रे कार्डाऐवजी पांढरा कागद किंवा नवरदेवाकडच्या कुणाचा पांढरा शर्ट चालतो का? आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

वेव्हफॉर्म

कागद टाळा. कागदात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते अतिनील किरणं घेऊन निळा प्रकाश बाहेर टाकतं. त्यावर बॅलन्स मारला की कॅमेऱ्याला वाटतं लाइट निळा आहे आणि तो चेहरे पिवळे करतो. पांढऱ्या शर्टात तर आपल्याकडे वरून नीळ सुद्धा असते. उन्हात हा परिणाम जास्त दिसेल. कार्ड फार महाग नसतं, घेऊन ठेवा, आणि एकच ठेवा, तिघांची तीन नकोत.

सातपूरचा

माझं आधीचं उत्तर तोकडं होतं, आता नीट लिहितो. मी म्हणेन लॉगवर (फिकं, कच्चं चित्र, ज्यात नंतर रंग फिरवायला जागा राहते) शूट करा सगळं आणि एडिटला जुळवा. सोनीचा एस-लॉग ३ आणि पॅनासॉनिकचा व्ही-लॉग दोन्ही एकमेकांच्या खूप जवळचे आहेत, १८ टक्के ग्रे (म्हणजे ग्रे कार्डाचा राखाडी) एकात ४१ टक्क्यांवर बसतो, दुसऱ्यात ४२ वर. ९० टक्के पांढरं दोन्हीकडे ६१ च्या आसपास. म्हणजे ग्रे कार्डावर वेव्हफॉर्म (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) बघून आयरिस लावला की दोघांचं एक्सपोजर तिथल्या तिथे जुळलं. सेटवर कशाला डोकं लावायचं.

वेव्हफॉर्म

@सातपूरचा, आकडे बरोबर. पण काळं विसरलात, एस-लॉग ३ मध्ये शून्य ३.५ टक्क्यांवर आहे आणि व्ही-लॉगमध्ये ७.३ वर, म्हणून नुसता लॉग शेजारी ठेवला तर पॅनासॉनिक धुरकट वाटतो. आणि मुख्य मुद्दा, त्यांची एलईडी वॉल एडिटची वाट बघत नाही. मंडपात बसलेल्या माणसांना जे दिसतं ते त्याच क्षणी दिसतं. कॅमकॉर्डरला लॉग नाहीच, मग त्याचं काय करणार?

रंगपेटी

मी नाटक आणि नृत्याचे कार्यक्रम रेकॉर्ड करते, जास्त करून नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात. लाइटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या अनुभवात अर्धा फरक कॅमेऱ्यात नसून लाइटमध्ये असतो.

सूर्यप्रकाशात किंवा जुन्या हॅलोजनखाली दोन वेगळे कॅमेरे बऱ्यापैकी जवळ येतात, कारण त्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात. स्वस्त एलईडीत तसं नसतं. निळ्याचा एक उंच सुळका ४५० नॅनोमीटरच्या आसपास, मध्ये खड्डा, पुढे पिवळ्याचा उंचवटा आणि गडद लाल जवळजवळ नाहीच. आता प्रत्येक कंपनीच्या सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर थोडे वेगळे असतात, त्यामुळे तो सुळका आणि तो खड्डा प्रत्येक कॅमेरा वेगळा वाचतो. डोळ्याला पैठणी जांभळी दिसते, एका सेन्सरला तिच्यातलं निळं जास्त मिळतं, दुसऱ्याला लाल जास्त. हा फरक व्हाइट बॅलन्सने जात नाही. राखाडी कार्ड तिन्हीकडे बरोबर राखाडी येईल आणि साडी तरी वेगळी दिसेल. पंचवटीकर, तुमच्या पैठणीचं नेमकं हेच होत असणार.

लाइट भाड्याने घेताना सीआरआय (लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) विचारतात सगळे, पण तो माणसाच्या डोळ्यासाठीचा आकडा आहे. कॅमेऱ्यासाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये टीएलसीआय आणला, तो ९० च्या वर असेल असे दोन चांगले लाइट स्टेजच्या समोरून फक्त चेहऱ्यांसाठी लावा. मंडपवाल्याचे रंगीत पार (डब्यासारखे स्टेज लाइट) मागे आणि बाजूला राहू देत. ऑपरेटरला आधीच भेटा, त्याला नीट सांगितलं की मंगलाष्टकांच्या वेळी समोरून वॉर्म व्हाइटच ठेव, जांभळा-निळा टाकू नकोस, की तो ऐकतो. कुणी सांगतच नाही म्हणून तो त्याला सुंदर वाटेल ते करतो.

आणि रंगीत लाइट चालू असताना कधीही व्हाइट मारू नका. माझ्याकडे स्टेज हॅलोजनवर असेल तर सगळे कॅमेरे ३२०० च्या जवळ कार्डावर लॉक करते आणि निळा सीन आला तर निळा दिसू देते, तो निळाच दिसायला हवा, दिग्दर्शकाने तसा ठरवलाय.

पंचवटीकर

रंगपेटी ताई, हे मला कुणीच आजवर सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मी व्हाइट बॅलन्सच फिरवत बसलो असतो. म्हणजे कार्ड जुळलं तरी रंग वेगळे राहू शकतात, मग ते रंग हलवायचे कशाने?

रंगाचा_रखवालदार

धागा आत्ता पाहिला. मी पुण्यात कलर ग्रेडिंग करतो, माहेर नाशिक रोडचं म्हणा. पंचवटीकर, तुम्हाला एक मार्ग सुचवतो ज्यात लाइव्ह आणि एडिट दोन्ही सुटतं, आणि सातपूरचा व वेव्हफॉर्म सर दोघांचंही म्हणणं त्यात बसतं.

एफएक्स ६ सिने ईआय मोडमध्ये (लॉग रेकॉर्ड करायचा त्याचा मोड) ठेवला की आत मेमरी कार्डावर एस-लॉग ३ रेकॉर्ड होतो आणि एसडीआय केबलवर लट लावून बाहेर काढता येतो. एस ५ मार्क २ मध्ये पण आत व्ही-लॉग ठेवून एचडीएमआयवर लट देता येतो. म्हणजे स्विचरला जाणारं चित्र तयार, मेमरी कार्डावरचं कच्चं. आता फक्त ते दोन लट असे बनवायचे की दोन्ही कॅमेरे तुमच्या कॅमकॉर्डरसारखे दिसतील. नेटवरचा लट हे काम करूच शकत नाही, त्याला तुमचा कॅमकॉर्डर माहीत नाही.

चोवीस चौकोनांचा कलर चार्ट मिळतो, मॅकबेथ चार्ट म्हणून १९७६ पासून चालत आलेला, तो एक घ्या किंवा मागून आणा. तिन्ही कॅमेरे शेजारी शेजारी, एकच चांगला लाइट, चार्टवर सगळीकडे सारखा पडेल असा, शेजारी एक-दोन माणसं बसवा, एक गोरं एक सावळं, एक जांभळी किंवा राणी कलरची साडी आणि थोडी हळद. हो, खरी हळद, वाटीत. चार्टमधले चौकोन रंगाचा लेप देऊन केलेले असतात, हळद आणि रेशीम कॅमेऱ्याला वेगळं वाटतं.

मग रिझॉल्वमध्ये (एडिट आणि रंगाचं सॉफ्टवेअर):

पहिलं काम लेव्हल तपासणं. एकीकडे १० बिटमध्ये ६४ ते ९४० अशी व्हिडिओ लेव्हल असते, दुसरीकडे शून्य ते १०२३ फुल. सॉफ्टवेअरने एखादी क्लिप उलटी वाचली तर चित्र एकदम कडक नाहीतर एकदम फिकं दिसतं, आणि लोक तासभर कॉन्ट्रास्ट फिरवतात. क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन बघायचं, एका क्लिकचं काम आहे.

दुसरं, लट न टाकता कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका. सोनीला एस-गॅमट ३ सिने आणि एस-लॉग ३, पॅनासॉनिकला व्ही-गॅमट आणि व्ही-लॉग, दोन्ही रेक ७०९ (टीव्हीचा नेहमीचा रंगांचा ठराव) मध्ये आणा. एवढ्यानेच दोघं सख्खे नाही तरी चुलत भाऊ दिसायला लागतील. कॅमकॉर्डर आधीच ७०९ आहे.

तिसरं, एक्सपोजर आणि बॅलन्स, आरजीबी परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख). राखाडीच्या सहा पट्ट्या तिन्ही चॅनेलमध्ये एका उंचीवर याव्यात. डोळ्यावर भरवसा नको, डोळा पाच मिनिटांत सवय करून घेतो.

चौथं रंग. ह्यू (रंगाची जात) विरुद्ध ह्यू आणि ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनचे कर्व्ह. व्हेक्टरस्कोपवर (रंग कुठल्या दिशेला आणि किती भडक ते दाखवणारा गोल आलेख) चार्टचे ठिपके दिसतात, कॅमकॉर्डरचे ठिपके स्टिलमध्ये धरून ठेवा आणि बाकीच्यांचे त्यावर आणा. सगळे बसणार नाहीत. त्वचा आधी बसवा, मग जांभळा-राणी, मग पिवळा. हिरवा, आकाशी वगैरे थोडं इकडे तिकडे राहिलं तरी लग्नात कुणाला खटकत नाही. चेहरा खटकतो. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक तिरपी रेघ असते, माणूस गोरा असो की काळा, ठिपक्यांचा पुंजका त्या रेघेच्या आसपासच पडतो, फक्त लांबी बदलते. तिन्ही कॅमेऱ्यांत एकाच माणसाचा पुंजका एकाच जागी आला पाहिजे.

मग त्या नोडचा (रिझॉल्वमध्ये केलेल्या या सगळ्या बदलांचा) ३३ पॉइंटचा क्यूब लट एक्स्पोर्ट करा आणि कॅमेऱ्यात भरा. कर्व्ह सौम्य ठेवा, टोकाचे ओढले तर लाइव्हमध्ये रंगाच्या कडा तुटलेल्या दिसतात.

देवळालीकर

वाचनखूण साठवली. हे एवढं नीट मराठीत कुठेच लिहिलेलं नाही.

त्र्यंबकरोड

बाहेरच्या शूटसाठी दोन गोष्टींची भर घालतो, द्राक्षबागांत आणि गंगापूर धरणाच्या बाजूला प्री-वेडिंग भरपूर केलेत.

एक, एनडी, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारा काळसर फिल्टर. एफएक्स ६ मध्ये इलेक्ट्रॉनिक एनडी आत बसवलेला आहे, पाव पासून १२८ व्या भागापर्यंत. एस ५ मध्ये आत एनडी नाही, म्हणजे गिंबलवर तुम्ही फिरवायचा व्हेरिएबल एनडी लावत असणार. तो दोन पोलरायझरचा बनलेला असतो आणि बहुतेकांना स्वतःचा रंग असतो, शिवाय जितका फिरवाल तितका तो रंग बदलतो, आणि चेहऱ्यावरची चमकही थोडी खातो. म्हणून कार्डावर व्हाइट मारताना एनडी लावलेला पाहिजे, आणि शक्यतो ज्या जागी शूट करणार त्याच जागी फिरवलेला. तुमच्या चेहऱ्याचा हिरवटपणा मला तिथलाच वाटतोय.

दुसरं, कडक उन्हात जास्त घट्ट एनडी लावला की दिसणारा प्रकाश अडतो पण इन्फ्रारेड आत येत राहतो. ज्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर हलका आहे त्यात काळा पॉलिस्टरचा कोट चॉकलेटी-मरून दिसायला लागतो, शेजारच्या कॅमेऱ्यात तोच कोट काळाच असतो. हे एडिटला नीट दुरुस्त होत नाही, कारण त्याच फ्रेममधला दुसरा एखादा काळा कपडा काळाच राहिलेला असू शकतो आणि तुम्ही सगळ्या काळ्याला हात लावू शकत नाही. इन्फ्रारेडही अडवणारा एनडी घ्यावा. भाड्याचा कॅमेरा आणला की आधी एखादी काळी सिंथेटिक बॅग उन्हात ठेवून एनडी लावून बघायची सवय लावा.

वेव्हफॉर्म

@त्र्यंबकरोड, फार महत्त्वाची भर.

रंगाच्या पलीकडचं पण थोडं लिहितो, कारण लूक म्हणजे नुसता रंग नाही. जुन्या कॅमकॉर्डरमध्ये डिटेल नावाची सेटिंग असते, ती कंपनीतून चढवलेली येते आणि केसांच्या, दागिन्यांच्या कडेला पांढरी रेघ काढते. मोठ्या सेन्सरचे कॅमेरे शेजारी ठेवले की हीच रेघ ओरडते. डिटेल खाली आणा. रंग न बदलता दोन्ही चित्रं एकदम जवळ येतात, एवढा फरक पडतो.

तिन्हीवर २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, १/५० ला ते बरोबर बसतं. एखादा कॅमेरा ३० वर राहिला तर त्यातली हालचालच वेगळी दिसते आणि लोकांना वाटतं रंग वेगळाय.

डेप्थ मात्र जुळणार नाही, ती आशा सोडा. फुलफ्रेम आणि पाव इंची सेन्सर यात जवळपास दहापट फरक. कॅमकॉर्डरने क्लोजअप घेतला की मागचा अख्खा मंडप, खुर्च्या, पाणी वाटणारा पोरगा सगळं शार्प दिसतं, आणि पुढच्याच कटला एफएक्सवर मागचं सगळं विरघळलेलं. म्हणून कॅमकॉर्डरला वाइड आणि मिडपर्यंतच ठेवा, आणि एफएक्सवाल्याला सांगा एफ २.८ चा मोह आवर, लाइव्हमध्ये ५.६ वर राहा. रात्री आयएसओ लागेल, तिथेही बघा, एफएक्स ६ चा दुसरा बेस (अंधारासाठीचा मूळ आयएसओ) १२८०० आहे, एस ५ चा व्ही-लॉगमध्ये ४०००, त्यामुळे अंधारात दोघांचा नॉइज वेगळा दिसणार. त्यापेक्षा समोरचा लाइट वाढवणं स्वस्त पडतं.

पंचवटीकर

मंडळी, चाचणी केली. एक मित्राचा हॉल दिवसभर मोकळा होता, चार्ट भाड्याने आणला, घरातून दोन साड्या आणि हळदीची वाटी.

सगळ्यात आधी त्र्यंबकरोड म्हणाले ते तपासलं. गिंबलवरचा व्हेरिएबल एनडी काढला आणि कार्डावर पुन्हा व्हाइट मारला, चेहऱ्याचा हिरवटपणा जवळपास गेलाच. परत लावला आणि घट्ट फिरवला, हिरवा परत. आता ठरवलंय, हॉलमध्ये एनडी लावायचाच नाही आणि बाहेर ठराविक ताकदीचा साधा एनडी वापरायचा.

मग कॅमकॉर्डर मास्टर केला. सुरुवातीला मन मानत नव्हतं, चांगल्या कॅमेऱ्याला खाली कशाला आणायचं. पण परेड बघितल्यावर पटलं, त्याचं पांढरं जिथे संपतं तिथे एफएक्सकडे अजून बरंच शिल्लक असतं, तर मंडपातल्या मोत्यांच्या मुंडावळ्यांचा भाग एकात फुटतो आणि दुसऱ्यात नाही, तो कट डोळ्याला लागतोच. एफएक्सच्या लटमध्ये वरचा भाग थोडा दाबला आणि कॅमकॉर्डरचा आयरिस अर्धा स्टॉप बंद ठेवला, मुंडावळ्या दोन्हीकडे टिकल्या. डिटेल खाली आणल्यावर आमचा कॅमेरामन म्हणाला हा नवीन कॅमेरा आणला का.

पैठणीने वेळ घेतला. चांगल्या लाइटखाली तिन्हीकडे जांभळी दिसली, म्हणजे रंगपेटी ताईंचं म्हणणं बरोबर निघालं. मग मुद्दाम मंडपातला एलईडी पार पांढऱ्यावर ठेवून लावला, साडी तिकडे निळी, इकडे राणी. ह्यू कर्व्हने जांभळा ओढला तर बऱ्यापैकी जवळ आला पण जास्त ओढला की ओठांचा रंग बदलायला लागला, म्हणून अर्ध्यावर थांबलो. दोन चांगले लाइट चेहऱ्यांसाठी घेतोच आहे.

आता रहाडीबद्दल विचारायचंय. तिथे लाइट म्हणजे ऊन, एलईडीचा प्रश्न नाही. पण तो गुलाबी रंग ओल्या अंगावर उन्हात असा भडकतो की चेहऱ्याचे बारकावेच जातात, नुसता सपाट गुलाबी डाग. एक्सपोजर तर बरोबर असतं.

रंगाचा_रखवालदार

एक्सपोजर बरोबर आहे हे तुम्ही ल्युमाच्या (तिन्ही रंग मिळून एकूण उजेड) वेव्हफॉर्मवर बघताय. भडक गुलाबीत लाल चॅनेल एकटा वर जाऊन कापला जातो, ल्युमात लालाचा वाटा फक्त २१ टक्के, त्यामुळे ते सरासरीत दिसत नाही. आरजीबी परेड लावा आणि लाल चॅनेल टेकायच्या आधी थांबा, भले चेहरे एक स्टॉप गडद वाटोत. पिवळ्यात उलट, लाल-हिरवं दोन्ही वर आणि निळं तळाला चिकटतं, तिथे बारकावा निळ्यात जातो. दोन्हीसाठी उपाय एकच, लॉगवर शूट करा आणि ७०९ मध्ये आणताना गॅमट कॉम्प्रेशन टाका, बाहेर गेलेले रंग ते हळूच आत आणतं. ८ बिट कॅमकॉर्डर तिथे नेऊ नका. लाइव्ह नाहीये ना रहाडीला?

पंचवटीकर

नाही, फक्त एडिट. मग कॅमकॉर्डर घरी, त्याला पाण्यापासूनही सुट्टी.

त्र्यंबकरोड

रहाडीत उडी मारतात तेव्हा पाणी दहा-बारा फूट सहज उडतं, लेन्सवर साधा स्वच्छ फिल्टर हवाच. दोन्ही लेन्सवर एकाच मेकचा लावा, वेगळे लावले तर परत रंगाचा फरक. आणि व्हाइट कार्डावर मारायचा तो गर्दी व्हायच्या आधी, एकदा चौकात गुलाल आणि रंग उडायला लागला की आजूबाजूच्या भिंती पण गुलाबी प्रकाश फेकतात आणि कार्ड राखाडी राहत नाही. जुन्या नाशकातल्या गल्ल्या अरुंद, भिंती जवळ, तिथे हे फार होतं.

रंगपेटी

आणि दुपार उतरताना ऊन गल्लीतून निघून जातं, अर्धा चौक सावलीत. दोन्ही कॅमेरे सावलीत गेल्यावर दोघांनी एकाच वेळी पुन्हा बॅलन्स घ्या, एकट्याने नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पण मारताना पिशवीतून काढून.

पंचवटीकर

नोंद घेतली सगळी. दोन्ही लट आणि चार्टच्या क्लिप ड्राइव्हवर टाकतो, ज्यांच्याकडे एफएक्स ६ किंवा एस ५ मार्क २ आहे त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. लट तसेच वापरू नका, ते माझ्या कॅमकॉर्डरसाठी बनलेत, नोड कसे लावलेत ते बघायला उपयोगी पडतील. आणि @रंगाचा_रखवालदार, नाशिक रोडला आलात की कळवा, एलईडी पारखालचा तो जांभळा तुमच्यासमोर बसून एकदा करायचाय.

रंगाचा_रखवालदार

पुढच्या महिन्यात येतोय. पार मंडपवाल्याकडून मागून ठेवा, आणि साडी तीच हवी.